नवीन ग्राफिक कार्ड लावलं की डिस्प्लेच येत नाही, सहा बीप आणि लाल दिवा, कार्ड काढलं की पीसी नीट चालू

संगमनेरचा_फोटोवाला:

नमस्कार मंडळी, माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्न, प्री-वेडिंग, डोहाळजेवण, बारसं असे सगळे व्हिडिओ करतो. एडिटिंगला एका मोठ्या कंपनीचा रिफर्बिश्ड टॉवर घेतलेला आहे, ऑफिसांतून लॉटमध्ये निघतात ना तसला. आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, २४० जीबी एसएसडी, वेगळी १ टीबी हार्डडिस्क, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) कंपनीचाच २४० वॅटचा, विंडोज १०.

आता दाविंची रिझॉल्व्ह वापरायला लागलो तर ऑनबोर्डवर, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या ग्राफिक्सवर, टाइमलाइन हलतच नाही म्हणून आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड आणलं, मुद्दाम तेच घेतलं कारण त्याला वरनं वेगळी पॉवरची वायर लावावी लागत नाही. स्लॉटमध्ये बसवलं, कार्डाचा फॅन फिरतो, कॅबिनेटचा फॅन फिरतो, पण मॉनिटरवर काहीच नाही, नो सिग्नल. पुढचा पॉवरचा दिवा लाल लुकलुकतो आणि सहा बीप वाजतात, थोडं थांबून परत सहा. कार्ड काढलं की जणू काही झालंच नाही, विंडोज चालू.

जिथनं कार्ड घेतलं ते म्हणतात कार्ड ओके आहे तुमचा एसएमपीएस मरतुकडा आहे, नवीन घ्या. घ्यायला हरकत नाही पण तेवढे पैसे घालून परत हेच झालं तर काय करू, तुळशीची लग्नं लागली की माझ्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, त्याच्या आत हे मार्गी लावायचंय. मॉनिटर जुना आहे, फक्त व्हीजीए, त्यामुळे कार्डाच्या एचडीएमआयला कन्व्हर्टर लावून वापरतोय. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

पेठेतला_टेक्निशियन:

भाऊ एसएमपीएसच. कार्डाच्या बॉक्सवर बघा ३०० वॅटचा एसएमपीएस पाहिजे असं छापलेलं असतं, तुमच्याकडे २४०. शिवाय दहा-बारा वर्षं जुना म्हणजे त्यातले कपॅसिटर थकलेले असणार. चांगल्या कंपनीचा ४५० वॅट ८० प्लसवाला घ्या आणि विषय संपवा. फक्त एक, ब्रँडेड मशीन आहे तर घ्यायच्या आधी मदरबोर्डला जाणारा मोठा कनेक्टर २४ पिनचाच आहे का ते मोजा, काही कंपन्यांचा वेगळाच असतो, मग बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही, कन्व्हर्टर केबल लागते.

सोल्डरगन_काका:

कनेक्टरचं बरोबर सांगितलंत, ते आधी बघायलाच पाहिजे. पण एसएमपीएस घ्यायला मी इतक्यात सांगणार नाही, आधी लक्षणं नीट वाचू.

हिशेब करा. हे कार्ड ७० वॅटचं आहे आणि स्लॉट ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो म्हणून तर त्याला वेगळी वायर नाही. आय५-३४७० चा टीडीपी, म्हणजे फुल लोडवरचा साधारण खर्च, ७७ वॅट. हार्डडिस्क, एसएसडी, रॅम, बोर्ड, फॅन सगळं मिळून अजून ४० धरा. दोन्ही फुल लोडवर असताना हे दोनशेच्या आत येतं, आणि तुमचं तर अजून विंडोजही आलेलं नाही, बायोसच्या (मशीन चालू होताना बोर्डावरचा पहिला प्रोग्राम) टप्प्यावर कार्ड जेमतेम काही वॅट खातं. बॉक्सवरचे ३०० वॅट हे कंपनीने बाजारातले हलके एसएमपीएस धरून ठेवलेलं मार्जिन असतं. ताकद कमी पडली की मशीन बहुतेक वेळा बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं, फॅन सेकंदभर फिरून थांबतो आणि परत प्रयत्न करतो. तुमचे फॅन व्यवस्थित फिरतायत आणि बोर्ड बीप देऊन तुमच्याशी बोलतोय.

आता ते बीप. असेंबल्ड मशीनमध्ये एक लांब दोन आखूड म्हणजे व्हिडिओचा प्रॉब्लेम असं आपण सगळे शिकलो, पण ब्रँडेड कंपन्यांचे कोड स्वतःचे असतात. तुमचा टॉवर कुठला ते नाव लिहिलं नाहीत तरी लाल दिवा आणि सहा बीप हे वर्णन मला ओळखीचं आहे, त्या जातीच्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सहा बीप म्हणजे प्री-व्हिडिओ ग्राफिक्स एरर असं दिलेलं असतं. आणि त्याच तक्त्यात चार बीप म्हणजे पॉवर फेल्युअर, एसएमपीएसवर लोड जास्त. म्हणजे एसएमपीएस रडत असता तर मशीननं चार वाजवले असते. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, एकदा ताडून बघा.

तर सहा बीपचा अर्थ एवढाच की बोर्डाला कार्ड सुरू करता आलं नाही. मग एकतर कार्ड नीट बसलेलं नाही, किंवा कार्ड खराब आहे, किंवा बोर्डाच्या बायोसला हे कार्ड समजत नाहीये. माझा संशय तिसऱ्यावर आहे पण पहिले दोन फुकटात तपासता येतात, ते आधी करा.

मेन स्विच बंद करा, वायर काढा, मग पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबा म्हणजे आत साठलेला करंट निघून जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत हात घाला. कार्ड काढून स्लॉटच्या टोकाची पट्टी पूर्ण उघडी करा आणि कार्ड सरळ खाली दाबा, ती पट्टी आपोआप टक् करून बंद व्हायला पाहिजे. रिफर्बिश्ड कॅबिनेटचा मागचा पत्रा बऱ्याचदा किंचित वाकलेला असतो, त्यामुळे स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून अर्धा मिलिमीटर वर उचललं जातं, डोळ्याला दिसतही नाही. स्क्रू न लावता एकदा चालू करून बघा. आणि कार्ड दुसऱ्या कुठल्याही नव्या पीसीत लावून बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

निळा_पडदा_ताई:

काकांनी सांगितलेलं सगळं कराच पण तो कन्व्हर्टर आधी बाजूला ठेवा. एनव्हिडियाच्या १० सीरिजपासून कार्डातून ॲनालॉग सिग्नल बाहेर येतच नाही, त्यामुळे व्हीजीए पाहिजे तर कन्व्हर्टरमध्ये चिप असावी लागते जी डिजिटलचं ॲनालॉग करते, आणि स्वस्तातले कन्व्हर्टर मॉनिटरचं रिझोल्यूशन कार्डाला नीट कळवत नाहीत, मग बायोसच्या वेळी काळं आणि विंडोज आल्यावर अचानक डिस्प्ले असेही प्रकार मी ऑफिसात पाहिलेत. घरातला टीव्ही उचलून आणा आणि एचडीएमआयने थेट कार्डाला जोडा. आणि केबल कार्डाच्याच पोर्टला लावा, वरच्या ऑनबोर्डच्या पोर्टला नाही, कारण कार्ड बसलं की बऱ्याच ब्रँडेड बोर्डांवर ऑनबोर्ड आपोआप बंद होतं. सहा बीप वाजतायत म्हणजे फक्त कन्व्हर्टरचा दोष नसणार हे मला पटतं, पण एकाच वेळी दोन संशयित नकोत.

वऱ्हाडी_रायझन:

माझाही असाच घोळ सुरू आहे, इथेच विचारतो, चालेल ना. रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, ५५० वॅट एसएमपीएस, आधी जीटीएक्स १०५० टीआय होतं, आता आरटीएक्स ४०६० आणलं तर काळी स्क्रीन. माझ्या प्रोसेसरला ऑनबोर्ड नाहीये त्यामुळे काहीच दिसत नाही. आठ पिनची वायर कार्डात जात नव्हती, जरा जोर लावावा लागेल असं वाटतंय, म्हणून सध्या तशीच सोडलीय.

सोल्डरगन_काका:

वऱ्हाडी भाऊ, थांबा, अजिबात जोर लावू नका!! ती वायर बाहेर काढा आणि तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. सीपीयू लिहिलं असेल तर ती प्रोसेसरची ४+४ आहे, कार्डाची नाही. दोन्ही आठ पिनच्या, दोन्ही काळ्या, लांबून सारख्याच दिसतात, पण आतली रचना उलटी आहे. प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये खटक्याच्या बाजूच्या चार पिना १२ व्होल्टच्या असतात, कार्डाच्या कनेक्टरमध्ये त्याच बाजूला ग्राउंड असतं. पिनांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत ते एवढ्याचसाठी, की चुकून जाऊ नये. तरी जोर लावून घातली तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला, एसएमपीएस हुशार असेल तर ट्रिप होईल, नाहीतर कार्ड गेलं. कार्डाची वायर ६+२ अशी फुटते आणि तिच्यावर पीसीआयई किंवा व्हीजीए लिहिलेलं असतं, ती शोधा.

आणि मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या बॉक्समधली वायर आणून लावू नका, कंपनी तीच असली तरी. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी प्रत्येकाची वेगळी असू शकते. साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या वायरीपासून आठ पिन करणारे अडॅप्टर मिळतात तेही घेऊ नका, साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार ॲम्पियरला बनवलेला आहे म्हणजे ५४ वॅट, आणि आठ पिनने १५० वॅट ओढायची मुभा असते. वितळलेले कनेक्टर मी हातात घेतलेत, प्लास्टिक तपकिरी होतं आणि वास दिवसभर खोलीतून जात नाही.

निळा_पडदा_ताई:

वऱ्हाडी, वायर बरोबर लावूनही काळंच राहिलं तर तुमच्यासाठी अजून एक गोष्ट आहे. आरटीएक्स ४०६० आणि ४०६० टीआयसाठी एनव्हिडियाने २०२३ मध्ये एक फर्मवेअर अपडेट टूल काढलंय, काही बोर्डांवर यूईएफआय मोडमध्ये (बायोसची नवी पद्धत, जुनी ती लेगसी) चालू करताना स्क्रीन काळी राहते त्यासाठीच. पण ते विंडोजमधून चालवावं लागतं, म्हणजे आधी डिस्प्ले यायला पाहिजे. त्यांनीच सुचवलेला मार्ग म्हणजे बोर्डाचा बायोस अपडेट करा, किंवा बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या लेगसी पद्धतीची सोय, चालू करून बूट करा. तुमचं १०५० टीआय अजून जवळ असेल तर ते लावा, सेटिंग करा, मग कार्ड बदला. सीएसएम चालू केल्यावर विंडोज बूट होईना झालं तर घाबरू नका, परत बंद केलं की येतं.

संगमनेरचा_फोटोवाला:

काका, ताई, मनापासून धन्यवाद. सगळं करून बघितलं. घरचा टीव्ही स्टुडिओत आणला, एचडीएमआय थेट कार्डाला, तरी काळं आणि सहा बीप. कार्ड परत नीट बसवलं, स्क्रूशिवाय, तसंच. मग शेजारच्या सायबर कॅफेवाल्याच्या पीसीत लावलं, तिथे दहाव्या पिढीचा आय३ आहे, तिथे पहिल्या फटक्यात डिस्प्ले आला!! म्हणजे कार्ड चांगलं आहे, जीव भांड्यात पडला.

मॅन्युअल पण उतरवलं, काका म्हणाले तसंच, सहा म्हणजे ग्राफिक्स आणि चार म्हणजे पॉवर. आता पुढे काय करू? बायोस म्हणजे ते निळं पान माहिती आहे पण अपडेट कधी केलेला नाही आणि त्यात मशीन कायमचं जातं असं ऐकलंय.

सोल्डरगन_काका:

उत्तम, आता रान मोकळं झालं.

कार्ड काढून ऑनबोर्डवर विंडोज चालू करा, स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा. त्यात दोन ओळी वाचून इथे लिहा, बायोस व्हर्जन आणि तारीख, आणि बायोस मोड लेगसी आहे की यूईएफआय.

यामागचं कारण सांगतो. प्रत्येक ग्राफिक कार्डावर स्वतःचा एक छोटा प्रोग्राम असतो, मशीन चालू झालं की बोर्ड तो वाचतो आणि चालवतो, तेव्हा कुठे पहिलं चित्र येतं. तुमचा प्रोसेसर २०१२ चा आणि बोर्डही त्याच सुमाराचा, तेव्हा यूईएफआय नुकतंच रुळत होतं आणि त्या काळच्या बायोसमध्ये खूप कच्चे दुवे होते. कार्ड २०२४ चं. बारा वर्षांनी येणारं कार्ड डोळ्यासमोर ठेवून तो बायोस कुणी लिहिलेला नव्हता. कंपन्यांनी नंतर सुधारलेले बायोस दिले, २०१८ मध्ये स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींच्या भानगडीमुळे तिसऱ्या पिढीच्या बऱ्याच मशीनना तर हमखास एक शेवटचा अपडेट मिळाला, पण ऑफिसातल्या मशीनवर तो कुणी टाकत नाही, आणि रिफर्बिश करणारे फक्त पुसून विंडोज टाकतात.

संगमनेरचा_फोटोवाला:

बायोसची तारीख २०१२ ची आहे. मोड लेगसी. कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलचा शेवटचा २०१८ चा दिसतोय.

सोल्डरगन_काका:

सापडलं म्हणायचं. आता घाई न करता हे करा.

मॉडेल नंबर कॅबिनेटच्या स्टिकरवरून टिपून घ्या, अंदाजाने नाही. साइटवर त्या फाइलखाली बारीक अक्षरात माहिती असते ती पूर्ण वाचा, काही मशीनवर २०१२ वरून सरळ शेवटच्यावर उडी मारता येत नाही, मधलं एक व्हर्जन आधी टाकावं लागतं. ग्राफिक कार्ड बाहेरच ठेवा. बायोसमधल्या सगळ्या पानांचे मोबाइलने फोटो काढून ठेवा, विशेष करून बूट ऑर्डर, सेक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच चालू होऊ देणारं सेटिंग) आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत).

आणि लाइट. अपडेट मध्येच तुटला तर तुम्ही ऐकलंय ते खरं होऊ शकतं. त्यामुळे यूपीएसवरच करा, ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, कार्डाशिवाय तुमचं मशीन त्यावर आरामात पाच मिनिटं काढेल. त्याची बॅटरी चालू स्थितीत आहे का ते आधी प्लग काढून बघा. आभाळ आलेलं असेल, वारं सुटलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी करा. चालू असताना स्क्रीन काळी होऊन परत येईल, एखादवेळी मशीन स्वतःच बंद होऊन चालू होईल, हात लावायचा नाही.

अजून एक, हे फार कमी लोक सांगतात. या मशीनमध्ये सेक्युअर बूट किंवा लेगसीचं सेटिंग बदललं की पुढच्या वेळी चालू होताना स्क्रीनवर चार अंकी आकडा येतो आणि तो टाइप करून एंटर मारावं लागतं, नाहीतर बदल रद्द होतो. कार्ड लावून, डिस्प्ले नसताना असा बदल केला तर तो आकडा दिसणारच नाही आणि माणूस म्हणतो सेटिंग करून पण काही फरक नाही. म्हणून जे बदलायचं ते ऑनबोर्डवर बदला, तो आकडा टाका, विंडोजपर्यंत जाऊन या, मग बंद करून कार्ड लावा.

पेठेतला_टेक्निशियन:

बायोस अपडेटनंतर सीमॉसचा सेल पण बदला, सीआर२०३२, पन्नास रुपयांच्या आत मिळतो. इतका जुना सेल उतरलेला असला तर लाइट गेली की सगळी सेटिंगं उडतात.

संगमनेरचा_फोटोवाला:

काका डिस्प्ले आला!!! रविवारी सकाळी केलं, यूपीएसवर. मधलं व्हर्जन खरंच टाकावं लागलं, नाहीतर अपडेट पुढे जातच नव्हता. कार्ड लावलं, एकही बीप नाही, पांढरा दिवा, टीव्हीवर कंपनीचा लोगो.

पण आता नवीन अडचण, लोगोनंतर बूट डिव्हाइस सापडत नाही असं येतंय. बायोसमध्ये एसएसडी दिसते. गावातला एकजण म्हणतो फॉरमॅट मारून विंडोज टाकू, पण एसएसडीवर दोन लग्नांचे प्रोजेक्ट आहेत, ते गेले तर पार्टीला काय तोंड दाखवू.

निळा_पडदा_ताई:

फॉरमॅट अजिबात नको! तुमचा डेटा जागेवर आहे. अपडेटने सेटिंगं मूळ पदावर नेलीत, त्यात बूट मोड यूईएफआय झाला असणार, आणि तुमचं विंडोज लेगसीमध्ये टाकलेलं आहे, म्हणून ते सापडत नाही. मोबाइलमधले फोटो काढा आणि तसंच करा, लेगसी सपोर्ट एनेबल, सेक्युअर बूट डिसेबल, चार अंकी आकडा येईल तो टाका. साटा मोड पण फोटोशी ताडून बघा, तो बदललेला असेल तर विंडोज निळा पडदा दाखवतं.

संगमनेरचा_फोटोवाला:

आलं ताई, विंडोज आलं! साटा मोड तोच होता, फक्त लेगसी बदललं. प्रोजेक्ट सगळे जागेवर आहेत, पहिलं काम त्यांची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकली. ड्रायव्हर कुठला टाकू, गेम रेडी की स्टुडिओ?

निळा_पडदा_ताई:

एडिटिंगला स्टुडिओ. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, पण एवढ्याने कार्ड अडत नाही, आरटीएक्स कार्डांना विंडोज १० वर ड्रायव्हर मिळतायत. रॅम मात्र १६ करा, रिझॉल्व्हला ८ मध्ये गुदमरायला होतं, जुनी डीडीआर३ स्वस्तात मिळते.

पुढेमागे यूईएफआयवर जायचं असेल तर विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आहे, डेटा न घालवता त्याच डिस्कची मांडणी यूईएफआयला चालेल अशी बदलतं, आधी फक्त व्हॅलिडेट करून बघायचं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नाही म्हणतं. पण सीझन झाल्यावर करा, आत्ता नको.

वऱ्हाडी_रायझन:

काका, ती वायर प्रोसेसरचीच निघाली, बोर्डाला एक ४+४ लागलेली होती आणि ही दुसरी मोकळी लटकत होती. पीसीआयईवाली कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याआड बांधून ठेवलेली सापडली, अलगद गेली, खटका बसला. तरी पहिल्यांदा काळंच होतं. मग १०५० टीआय लावून बोर्डाचा बायोस नवीन टाकला, परत ४०६० लावलं आणि डिस्प्ले आला. आता ताईंनी सांगितलेलं टूल चालवतोय.

सोल्डरगन_काका:

छान झालं. टूल चालवताना बाकी सगळे प्रोग्राम बंद ठेवा, आणि अपडेट लागत नाही असं म्हणालं तर तसंच सोडा.

फोटोवाले भाऊ, तुमच्या त्या लहान कॅबिनेटमध्ये हवा फारशी फिरत नाही. रिझॉल्व्हचा मोठा रेंडर लावाल तेव्हा पहिली पंधरा-वीस मिनिटं टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूचं तापमान बघत बसा. ८५ अंशांच्या वर जायला लागलं तर मागचा फॅन साफ करा, नाहीतर पुढच्या बाजूने एक १२ सेंटीमीटरचा बसतोय का बघा. आणि तेव्हाच मशीन अचानक बंद पडलं किंवा चार बीप आले तर मात्र पेठेतल्या भाऊंनी सांगितलेला एसएमपीएस घ्या, कनेक्टर मोजून.